वरची कोथिंबीर

गोदाकाठी तीस वर्षं भाजी विकणाऱ्या फटकळ नवसाबाई लेकीबरोबर क्रूझवर गेल्या. खोली आवरणाऱ्या बाईसाठी त्यांनी मोठ्या कौतुकाने एक नोट पदराला बांधून ठेवली होती. शेवटच्या दिवशी भाग्यश्रीने बिल वाचलं, "आई, टिप आधीच लावलीय. माणशी, रोजची."

"न इचारता? बक्षीस म्हंजे काय घरपट्टी हाय का? तो खुशीचा मामला!" नवसाबाई भडकल्या. तरी निघताना नोट त्या बाईच्या हातात कोंबलीच.

नाशकात परतल्यावर पहिलंच गिऱ्हाईक गायधनीबाई. मेथीचे पैसे देऊन त्या हलेचनात. वरच्या फुकट कोथिंबिरीसाठी पिशवी उघडी धरून उभ्या.

नवसाबाई खळखळून हसल्या. "बाई, तुम्ही तर जहाजवाल्यांच्या वरताण!" म्हणत त्यांनी मूठभर कोथिंबीर टाकली.