‘सराव’मधले नऊ हजार नमुने

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. माणसाला पद न देता कामाला लावायचं असलं की हा शब्द फार सोयीचा पडतो. सळ्या, बोल्ट, पोलादी दोर यंत्रात अडकवून तुटेपर्यंत ताणायचे आणि कितीला तुटले ते संगणकात साठवायचं, हे तिचं काम. बारा वर्षं झाली, कंत्राटावर, दरवर्षी नव्याने.

खरं तर प्रत्येक चाचणी आपापल्या प्रकल्पात ठेवायची सोय होती. पण ती सोय शिकवायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी ‘सराव’ नावाचा प्रकल्प उघडून दाखवला, चहा घेतला आणि गेला. संगणक लावला की तोच समोर. मग काय, पूल, क्रेन, दवाखान्याची लिफ्ट, सगळे ‘सराव’मध्ये सुखाने नांदू लागले. कुणाला काही हवं असलं की ताईला हाक.

“लिफ्टचा दोर ना? दुपारभर वीज नव्हती, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.”

आणि तो सापडायचा.

तपासनीस येणार म्हटल्यावर साहेबांना शिस्त आठवली. प्रकल्प, त्यात नमुना, त्यात तारीख, अशी मांडणी आठ दिवसांत हवी. एकदा लागलं की कुणालाही सापडेल, म्हणाले. कंत्राट महिनाअखेरीला संपतंय, त्याचं मग बघू.

त्या ‘बघू’चा अर्थ ताईला जिना उतरताना कळला. घरी सासूबाईंना तेवढाही वेळ लागला नाही.

“म्हणजे आपली गरज आपल्याच हाताने संपवायची,” त्या म्हणाल्या. “नीट कर हो. अर्धवट ठेवलंस तर नावं आपल्यालाच ठेवतील.”

दोन-चार पूल मुद्दाम भलतीकडे ढकलावेत असं ताईच्या मनात येऊन गेलं. हात वळेना. आठव्या दिवशी नऊ हजार नमुने आपापल्या घरी गेले.

तपासनीस बाईंनी क्रेनच्या हुकाच्या चाचणीचा निकाल मागितला. साहेबांनी ऐटीत माउस धरला आणि सवयीने ‘सराव’ उघडला. रिकामा. बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा रिकामा.

“ताई, सगळं गेलं कुठे?”

“जागेवर आहे साहेब. प्रकल्प, नमुना, तारीख.”

“हो, पण कुठे?”

ताईने पुढे होऊन चुटकीसरशी काढून दिला. बाईंनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“आणि या रजेवर असल्या तर?”

साहेबांनी चहा मागवला.

अहवालात तिसरी त्रुटी अशी होती: प्रयोगशाळेची माहिती एकाच व्यक्तीला सापडते, त्या व्यक्तीने वर्षभरात इतरांना शिकवून हा दोष दूर करावा. साहेबांनी कंत्राट वाढवल्याचं पत्र असं दिलं, जणू दंडाची पावती.

घरी सासूबाईंनी विचारलं, मग आता तुझं पद काय?

“त्रुटी,” ताई चप्पल काढत म्हणाली. “वर्षभरात दूर करायची आहे. मीच.”

सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं.

“मग घाई कसली?”