यांना प्रश्न विचारणारी मुलगी

ती मुलगी मला पहिल्या दिवशी आवडली होती, हे आधी कबूल करते. सव्वीस-सत्तावीसची असेल. सुती कुर्ता, कानात काही नाही, गळ्यात रिसर्चचं ओळखपत्र. तिने यांना "आइए सर" म्हटलं, माझ्यासाठी बाहेर खुर्ची ओढून दिली आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, चला, नीट बोलते, वळण आहे. तीन आठवड्यांनी मला तिच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांचाही राग येऊ लागला होता.

हे म्हणजे माझा नवरा. सरकारी बँकेत अधिकारी. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, बदलीवर लखनौला आलो, जानकीपुरमला घर घेतलं आणि इथलेच झालो. मुलगी इथे वाढली, तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर ती हिंदीत देते. त्या हिवाळ्यात यांचं काहीतरी बिनसलं. आधी पेपर वाचणं सुटलं, मग जेवणातली चव गेली, मग एके दिवशी सकाळी हे पलंगाच्या कडेला एक मोजा घालून बसले आणि दुसरा हातात धरून साडेदहापर्यंत तसेच बसून राहिले. मी आधी ओरडले. ओरडणं हा माझा पहिला उपाय असतो. मग घाबरले आणि यांना एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे, गोळ्या सुरू करू. आणि म्हणाले, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, तुमची इच्छा असेल तर त्यात या. अभ्यास असा होता: निम्म्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्या आणि नेहमीची तपासणी. उरलेल्या निम्म्यांना गोळ्या तर होत्याच, शिवाय दर आठवड्याला समुपदेशकाशी तासभर बोलणं. कोणाच्या वाट्याला काय येणार ते बंद पाकिटातून निघायचं, डॉक्टरांच्याही हातात नव्हतं. यांनी सही केली. आमच्या पाकिटातून नुसत्या गोळ्या निघाल्या. माझं तोंड पडलेलं बघून तिथल्या बाईंनी समजूत घातली की गोळ्यांनीही पुष्कळ लोक बरे होतात.

दोन्ही गटांतल्या माणसांना दर गुरुवारी ती मुलगी प्रश्न विचारायची. झोप कशी, भूक कशी, मन कुठे लागतं का. उत्तरांना आकडे द्यायचे आणि फॉर्म भरायचा, एवढंच तिचं काम. ती उपचार करत नव्हती, फक्त मोजत होती. कोणता माणूस कोणत्या गटात आहे ते तिला ठाऊक नसायचं. ठाऊक झालं तर नकळत आकडे इकडे-तिकडे झुकतात म्हणे. त्या बाईंनी आम्हाला दोनदा बजावलं होतं, "मैडम को भूल से भी मत बताइएगा कि आप किस ग्रुप में हैं. पता चल गया तो हमें उनकी जगह किसी और को बैठाना पड़ता है." मी मान डोलावली. तेव्हा मला ते वाक्य नुसता नियम वाटलं होतं.

अर्ध्या तासाचं काम. पहिल्या गुरुवारी हे पंचवीस मिनिटांत बाहेर आले. दुसऱ्या गुरुवारी चाळीस. तिसऱ्या गुरुवारी मी घड्याळ बघणं सोडलं, कारण आतून मला यांच्या हसण्याचा आवाज आला. मोठं हसू नव्हतं. पण होतं. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, यांचा संथ, अडखळत, आणि मध्येच तिचा बारीक "अच्छा". मग पुन्हा यांचा. घरी मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा यांच्याकडून एक "हं" यायचं. एकोणीस वर्षांच्या संसारात मी या माणसाचे डबे भरले, याच्या आईचं पथ्यपाणी केलं, आणि हा माणूस हसला कोणापुढे, तर फॉर्म भरणाऱ्या पोरीपुढे.

परत येताना मी विचारलं, "काय एवढं बोलत होते?"

"काही नाही. प्रश्न असतात तिचे."

"मग हसायला काय झालं?"

हे रिक्षाच्या बाहेर बघत राहिले.

चौथ्या गुरुवारी ती दार उघडून बाहेर आली, माझ्याकडे न बघता डॉक्टरांच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. हे मान खाली घालून बसले. डॉक्टर यांच्याकडे बघून म्हणाले, "सर, मैं बता दूँ ना इन्हें?" यांनी मान हलवली. मग ते मला म्हणाले, "इनके मन में मरने के ख़याल आ रहे हैं. आज इन्होंने मैडम को बताया, बहुत अच्छा किया. कुछ दिन इन्हें अकेला मत छोड़िए, दवाइयाँ आप अपने पास रखिए, और कुछ भी लगे तो फ़ौरन फ़ोन कीजिए."

मी सगळं ऐकलं. पण माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मनात आलं: हिला सांगितलं. मला नाही.

गोळ्या मी माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या. आमची मुलगी आणि मी आळीपाळीने घरी राहू लागलो. हे अंघोळीला गेले की मी दाराशी उभी राहून उगाच साबण हवा का, टॉवेल हवा का विचारायचे. सगळं केलं. तो विषय मात्र यांच्यापाशी काढला नाही. डॉक्टरांना माहीत होतं, त्या फॉर्मवाल्या मुलीला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि घरात आम्ही भाजीत मीठ बरोबर आहे का यावर बोलत होतो.

मग मी एक वेडेपणा केला. रुग्णाची नातेवाईक म्हणून मलाही एकदा काही प्रश्न विचारले होते, ते थोडेफार लक्षात होते. रविवारी चहाच्या वेळी मी मुलीची जुनी वही घेऊन यांच्यासमोर बसले आणि त्या फॉर्मवालीसारखाच मऊ आवाज काढून म्हणाले, "गेल्या सात दिवसांत झोप कशी होती?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू काय माझा फॉर्म भरून राहिली का?"

अजूनही हे मला त्या वहीवरून चिडवतात. तेव्हा मात्र कपात अर्धा चहा ठेवून उठून गेले. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, आप उनसे जल रही हो ना? वो रिसर्च वाली दीदी से?"

"जळायला ती कोण लागून गेली?" मी म्हणाले, आणि वही कचऱ्याच्या डब्यात टाकली.

जळतच होते. आणि खरं सांगायचं तर नुसती तिच्यावर नाही, यांच्यावरही. मलाही झोप नव्हती. मलाही सकाळी उठून कशाला उठायचं असं वाटायचं, पण मला उठावं लागायचं, कारण डबा होता, पोरीची बारावी होती, बँकेत रजेचे कागद द्यायचे होते. माझ्यासमोर बसून, हातातलं काम बाजूला ठेवून, तुमचा आठवडा कसा गेला असं कोणी विचारलं नव्हतं. यांना दर गुरुवारी विचारलं जायचं. मी बाहेरच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसायचे आणि आतली ती खुर्ची मला हवीशी वाटायची.

सातव्या गुरुवारी पंचावन्न मिनिटं झाली. ती दारात आली, चेहरा खुललेला. "हो गया आंटी. आज सर ने बहुत अच्छे से बात की."

आंटी. आणि वर अच्छे से. यांच्याबद्दलचं प्रशस्तिपत्र मला देत होती. मी उठले, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाले, "हाँ बेटा, आप ही से तो बात करते हैं. बातचीत वाला ग्रुप तो इनको मिला ही नहीं. इनको सिर्फ़ गोलियाँ मिली हैं."

तिच्या हातातलं पेन थांबलं. तिच्यामागे हे खुर्चीत वाकून बुटाची नाडी बांधत होते, त्यांनी मान वर केली. "आंटी," ती हळूच म्हणाली, "ये आपको नहीं बताना था." मी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, निघून गेलं तोंडातून!" ती कसनुसं हसली, म्हणाली कोई बात नहीं, गलती हो जाती है, पर मुझे लिखना पड़ेगा. आणि तिने तिथेच ते फॉर्मवर लिहिलं. तिने लिहिलं नसतं तर कोणालाही कळलं नसतं. ती प्रामाणिक असणार हे मला ठाऊक होतं, मी त्यावरच बेतलं होतं.

पुढच्या गुरुवारी तिच्या जागी एक पोक्त गृहस्थ होते. सज्जन, अदबशीर, चष्मा नाकावर. हे वीस मिनिटांत बाहेर आले. आतून एकदाही हसू आलं नाही. मी जिंकले होते. त्या दिवशी घरी येऊन मी पाटवडीचा रस्सा केला, यांच्या आवडीचा, तर्रीदार. यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

नवव्या, दहाव्या गुरुवारीही वीसच मिनिटं. मी विचारलं, काय विचारतात हे नवीन सर? "तेच," हे म्हणाले. "मग तुम्ही काय सांगता?" "ठीक हूँ म्हणतो." सगळ्यालाच? "हो. लवकर संपतं." सकाळी दूध आणायला हे गेल्या महिन्यापासून जाऊ लागले होते, ते पुन्हा बंद झालं. दाढी वाढली. आणि अकराव्या गुरुवारी डॉक्टरांनी आकडे बघून हसून मला म्हटलं, "बधाई हो, काफ़ी सुधार है."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. त्यांचा काही दोष नव्हता. जे सांगितलं ते त्या गृहस्थांनी इमानदारीने लिहिलं होतं. बोलण्याचा गट यांना मिळाला नव्हता, आणि तरी बोलायची एक जागा यांना त्या फॉर्मच्या रिकाम्या चौकटींमध्ये सापडली होती. ती मी माझ्या हाताने बंद केली होती. आता कागद म्हणत होता की माणूस सुधारला, आणि कागद खोटा आहे हे त्या इमारतीत यांच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

हल्ली स्कूटर मीच चालवत होते, हे मागे बसायचे. अलीगंज ओलांडल्यावर एका उद्यानाच्या कठड्याशी मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. उतरले नाही. हेही उतरले नाहीत.

"त्या दिवशी त्या मुलीला मी मुद्दाम सांगितलं," मी समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "चुकून नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"तू खरंच चुकून बोलतेस तेव्हा मराठीत बोलतेस. ते तर पाठ करून आल्यासारखी बोलून राहिली होती."

"मग मला काही म्हणाले का नाहीत?"

"काय म्हणू? गेलीच होती ती."

समोरून एक ई-रिक्षा गेली, शाळेच्या पोरी भरलेली. मी म्हणाले, "तिच्यात असं काय होतं हो? मी काय वाईट होते? मला का नाही सांगितलं?" आवाज चढला होता, भांडणातला. मला तो आवरता आला नाही.

हे म्हणाले, "तिला सांगितलं की ती लिहून घ्यायची. तुला सांगितलं की तुझा चेहरा असा होतो, की मग मला तुलाच सांभाळावं लागतं. ते माझ्याच्यानं होत नव्हतं."

मला रडू फुटणार होतं आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. मी हँडल घट्ट धरलं. माझा चेहरा यांना दिसत नव्हता, ही त्या क्षणी आमच्यापाशी असलेली एकच सोय होती.

"गेल्या सात दिवसांत," मी म्हणाले, "मरावंसं वाटलं?"

"हो."

"कधी?"

"मंगळवारी. आणि काल."

मी वळले नाही. आरशातही बघितलं नाही. यापुढे ती मुलगी काय विचारत असेल ते मला ठाऊक नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं, याचा तेव्हासुद्धा मला हेवा वाटला.

"काल काय झालं होतं?" मी विचारलं, आणि हे सांगू लागले.