कुलूपबाईचा भाऊ

वीज कंपनीत तिला सगळे कुलूपबाई म्हणत. खांबांवरचे स्विच आता कंट्रोल रूममध्ये बसून चालू-बंद होत. प्रत्येक स्विचच्या पेटीत मोबाइलसारखं सिम असे. ते फक्त कंपनीच्या बंदिस्त नेटवर्कवर चालेल आणि बाहेरचं कुणी आत शिरणार नाही, हे पाहणं तिचं काम. पासवर्ड बदला म्हणून ती साहेबांच्याही हात धुऊन मागे लागे. "बाई घरी मिठाच्या डब्यालाही पासवर्ड लावत असेल!" असं म्हणून लाईनमन हसत. त्यांत सगळ्यात मोठ्याने हसायचा तो तिचा सख्खा धाकटा भाऊ.

त्याच्या हाताला गुण होता, पण दम धरणं म्हणून ठाऊक नाही. नदीपलीकडच्या पेटीला रेंज मिळेना, तेव्हा या शहाण्याने कंपनीचं सिम काढून बाजारातलं साधं सिम घातलं. पेटी लगेच सुरू झाली, पण बाहेरच्यांनाही तिची वाट मोकळी झाली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, कसं जमवलंस हे कुणी विचारलंच नाही.

एका दुपारी तो त्याच लाईनवर चढला. स्विच कंट्रोल रूममधून बंद केलेला होता. तरी तो दुरून कुणाला चालू करता येऊ नये म्हणून पेटीपर्यंत जाऊन हँडलला कुलूप घालायचं, हा नियम. तो त्याने नेहमीसारखा धाब्यावर बसवला. इकडे तिच्या स्क्रीनवर इशारा आला, त्या पेटीत कुणी अनोळखी शिरलं होतं. तिने पेटी रोखायचा प्रयत्न केला, पेटी दाद देईना. त्या लाईनवर आज भावाचं काम आहे, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याला फोन लावला, तो खांबाखाली पिशवीत वाजत राहिला. कुणाला न विचारता तिने अख्खं सबस्टेशन बंद केलं. अर्ध्या शहराची वीज गेली. पाठोपाठ आत शिरलेल्या त्या अनोळख्याने तो स्विच चालू केला. तारेत वीज नव्हती, म्हणून भाऊ स्वतःच्या पायांनी खाली उतरला.

संध्याकाळी तो तिच्या घरी आला. सिमचं सांगून टाकलं आणि म्हणाला, "ताई, हे आपल्यातच ठेव. नोकरी जाईल गं माझी."

"अजून कुठे कुठे घातलंयस?"

तो बोटांवर मोजू लागला, मग मोजणं सोडून दिलं.

"अरे, उद्या त्या खांबांवर दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ चढेल!"

ती रडली. रडतच तिने त्याच्यासमोर साहेबांना फोन लावला आणि लाईनवरची सगळी कामं थांबवायला सांगितली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा तिने भावाचं नाव घेतलं.

त्याची नोकरी गेली. आता ती आईकडे आली, की तो मागच्या दाराने निघून जातो. तिला फार लागतं ते. तरी त्याच्या चपलांचा आवाज पार लांब जाईपर्यंत ती कान देऊन ऐकत राहते.