सोयरातला देव

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. उभा जन्म वर्ध्याजवळ नालवाडीच्या पुढं भाजीपाल्याच्या वावरात गेला. कोणापुढं वाकायची सवय नाही, देवापुढं तेवढी आहे. पण त्या दिवसांत मला देवाचाही संशय आला होता. खरं आहे, म्हणून लिहितो. आमची प्रणाली, उतारवयात झालेली एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. घरात आनंद मावेना. मग तिची झोप गेली. रात्रभर डोळे उघडे. बाळाला जवळ घेईना. "हा माहा नाई, बदलवला कोणं तरी," म्हणायची. भिंतीकडे कान लावून कोणाचं तरी ऐकायची. ज्या पोरीनं कधी उलट उत्तर दिलं नाही, ती आईच्या हातातलं ताट भिरकावू लागली.

शेजारच्या बाया म्हणाल्या, बाळंतिणीला बाहेरचं लागलं. आम्हीही तेच धरून बसलो. खिडकीला गोणपाट ठोकलं, दाराला कडुनिंब बांधला. लोखंडाला भूत भितं म्हणतात, म्हणून वावरातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, कापायचा विळा तिच्या उशाखाली ठेवला. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ठेवतात. जावई सिंदी मेघेहून आले, दवाखान्यात नेऊ म्हणाले. मी अंगावर गेलो. "दवाखान्यात नेली का लोकं तिले येडी म्हणतीन. माह्या लेकीले येडी म्हणवून घेऊ?" ते बिचारे तसेच परत गेले. मला एकच पाहिजे होतं : हे कोणी केलं त्याचं नाव. बांधावरचा भाऊबंद? दृष्ट लावणारी कोणी बाई? नाव कळलं की माझा मी पाहून घेईन, एवढीच माझी अक्कल.

एका सकाळी ती आईला म्हणाली, "माय, विहीर मले बोलवून राह्यली." बायकोला म्हटलं, पोरीपासून हलू नको. भाजीचा गाडा तसाच सोडून मी देवीच्या देवळात गेलो. पण घरात सोयर होतं. लेक माहेरी बाळंत झाली की सव्वा महिना आमच्या घरचं कोणी देवळाची पायरी चढत नाही. जीव जात होता तरी मी नेम मोडला नाही. पायरीखाली हात जोडून उभा राहिलो. देवी आत, मी उन्हात. तिला हाक तरी ऐकू जात असेल का, असं मनात आलं.

बाजूच्या पारावर एक वयस्क बाई छत्री घेऊन बसली होती. म्हणाली, "बाबाजी, कवाचे उभे आहा. आत काऊन नाई जात?"

"सोयर आहे घरी."

"मी बी बाहेरच. माह्या घरी बुद्धवंदना होते. मैत्रीण आत गेली, तिच्यासाठी बसली." मग हसली. "देव आत, अन् आपण दोघं बाहेर. मंग मलेच सांगा काय झालं ते. रडून राह्यले तुमी."

मी रडतो आहे हे मला माहीतच नव्हतं. परक्या बाईपुढं घरचं बोलणं माझ्या स्वभावात नाही, पण बोललो. विळ्याचं सांगितलं तशी तिनं छत्री मिटली. "माह्या लहान बहिणीले असंच झालतं," ती म्हणाली. "आमी बी उशाखाली लोखंडच ठेवलतं, बाबाजी." पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती उठली. "चला, घर दाखवा."

ऑटोतून घरी आलो. आत शिरताच तिनं आधी उशाखाली हात घालून विळा काढला अन् माझ्या बायकोच्या हाती दिला. मग गोणपाट ओढून खिडकी उघडली. पोरीजवळ बसून म्हणाली, "कवापासून झोपली नाई वं तू?" बस, एवढंच. आम्ही इतके दिवस तिच्या अंगातल्या कोणाला तरी विचारत होतो, तू कोण? तिला स्वतःला कोणी काही विचारलंच नव्हतं. प्रणालीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मावशी, मले भेव लागते. माह्या हातून बाळाले काही होईन."

त्याच ऑटोनं वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. मानसिक आजाराच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घराण्यात कोणाला असा त्रास होता का? मी ताठ मानेनं म्हटलं, "आमच्या घराण्यात येडं कोणी नाई." माझी बायको जन्मात माझ्यापुढं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "अन् तुमची आत्या? बाळंतपणानंतर विहिरीत गेली ते?" माझी मान खाली गेली. आत्याला लागीर झालं होतं असंच आम्ही म्हणत आलो. सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सांगितलं ते बरं केलं, उपचार ठरवायला कामी येतं. बाळंतपणात शरीर एकदम बदलतं, झोप तुटते, त्यात काही घराण्यांत हा आजार रक्तातून येतो. सगळं मिळून होतं. "मंग दोष कोणाचा?" मी विचारलं. "कोणाचाच नाही, बाबा." जे नाव मी इतके दिवस शोधत होतो, ते नव्हतंच. छातीवरचा दगड उतरला. वळून पाहिलं तर मैत्रीण वाट पाहत असेल, असं नर्सला सांगून ती बाई निघून गेली होती.

पोरगी दवाखान्यात राहिली, झोपली, हळूहळू बाळाला जवळ घेऊ लागली. मधे वाईट दिवसही आले. गोळ्या अजून चालू आहेत, आता मीच आठवण देतो. परवा बाळाला न्हाऊ घालता घालता तिनं विचारलं, "बाबा, मी येडी झालती का?"

"नाई बाई," मी म्हटलं. "बिमार होती. ताप येते तशी."

ती बाई देवीनं पाठवली की आपसूक भेटली, हा वाद मी कोणाशी घालत नाही. शरण जाणं म्हणजे देवापुढं डोकं टेकणं, असं मी जन्मभर समजत आलो. ते सोपं आहे, देव उलटून बोलत नाही. माणसाचं ऐकणं कठीण. लेकीला वाचव म्हणून मी हात जोडले होते. देवीनं ऐकलं. पण त्याआधी तिनं मला ऐकायला लावलं, तिचे हे उपकार मोठे.