मारकी मशीन

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मी जे करून ठेवलंय ते ऐकताना दोघांना ठसका लागलाय.

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते विचारू नका, आख्ख्या कळंबनं विचारून झालंय. घरी म्हटलं, शिवणकाम शिकणार. वडिलांनी ताट सरकवलं.

"बुद्धपौर्णिमेपर्यंत काय दिवे लावायचे ते लाव. न्हाय जमलं तर गुमान कॉलेजात परत!"

आमच्या घरातल्या थोरांचं एक असतं. ज्यातलं काही कळत नाही, त्यात ते सगळ्यात आधी बोलतात. त्यातले मुकुटमणी म्हणजे तात्या, माझे थोरले चुलते. सारी हयात बैल घेण्यात आणि विकण्यात गेली. मी मशीन घ्यायला बारामतीला निघालो, तर हे माझ्याआधी जीपमध्ये बसलेले!

दुकानात त्यांनी काय करावं? मशीनभोवती फेरी मारली. पाठीवर थाप मारली. चाक फिरवून कान लावला. तोंड सापडलं नाही म्हणून, नाहीतर दातही मोजले असते!

दुकानदारानं पायानं चालवायची साधी मशीन दाखवली. "नवशिक्याला हीच बरी."

तात्यांनी मान डोलावली. "हीच घे. गरीब हाय. ती कोपऱ्यातली मारकी दिसती."

कोपऱ्यातली म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात असते तसली मोठी, मोटरवाली.

आता खरं सांगू? मला साधीच आवडली होती. पण तात्यांनी हो म्हटल्यावर मीही हो म्हणायचं? मग इतकी वर्षं भांडलो कशाला?

"तात्या, हा काय बैल हाय का? जलमभर शेपट्या पिरगाळल्या तुमी. हितं तरी गप बसा!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तात्या जाऊन जीपमध्ये बसले. मी मारकी घेतली.

बरं, माणसानं राग धरावा की नाही? तर नाही! आठवड्याभरात तेच पांढरं कापड घेऊन हजर. "पौर्णिमेला विहारात तुझ्याच हातचा सदरा घालणार." आणि हे माझ्याआधी सगळ्या वस्तीला सांगून आलेले.

मी पेडलवर पाय ठेवला. ठेवला म्हणजे नुसता टेकवला हो! उताराला लागलेली उसाची ट्रॉली परवडली. टीप बाहीवरून निघाली ती खिशावर जाऊन थांबली. उसवली. पुन्हा मारली, जरा आतून. तीही वाकडी. अजून आतून. दर वेळी शिवण आत, आत, आणखी आत. सदरा माझ्या डोळ्यांदेखत आकसत गेला.

आई म्हणाली, "आरं, तात्यांचा हाय का पाळण्यातल्याचा?"

"फिटिंगची फॅशन हाय ती!"

पौर्णिमेला सकाळी आई आणि मी उशीला अभ्रा चढवावा तसा तात्यांना सदरा चढवला.

"तात्या, श्वास घेता येतोय का?"

"थोडा थोडा घितो."

विहारात वंदना सुरू झाली. सगळ्यांचे हात जोडलेले. तात्यांचे हात मात्र दोन्हीकडं ताठ, शेतातल्या बुजगावण्यासारखे. काखेत शिवण अशी आवळलेली की हात पुढं येईनात. सगळे वाकले, तात्या उभेच!

झालं. मागं कुजबुज. तात्या रुसले! विहाराच्या समितीत घेतलं न्हाय म्हणून रुसले! वंदना संपते न संपते तोच समितीचे अध्यक्ष लगबगीनं आले.

"तात्या, राग सोडा. पुढल्या साली तुमालाच घिऊ."

"राग न्हाय रं."

"मग हात जोडा की!"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. शेजारी माझे वडील उभे. 'सदरा' एवढा एक शब्द तात्यांच्या तोंडून निघाला असता, तर दुसऱ्या दिवशी माझी बॅग भरलेली असती. मी काय केलं? थोरांच्या तोंडावर फाडफाड बोलणारा मी, फरशीकडं बघत राहिलो.

"खांदा धरलाय," तात्या म्हणाले. "वातानं."

वडील म्हणाले, "सदरा बाकी झ्याक दिसतोय."

"पोरानं शिवलाय," तात्या म्हणाले. होता नव्हता तो सगळा श्वास त्यांनी त्यात घातला.

वडिलांनी माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणजे कॉलेज टळलं! आनंदानं उडी मारायला हवी होती. पण मी खाली वाकून तात्यांच्या पायात चपला सरकवल्या.

घरी आलो. सदरा अंगातून निघेना. आईनं ओढला, मी ओढला. शेवटी कात्री घेतली आणि गळ्यापासून खालपर्यंत कापत नेला. काखेत लालभडक वळ उठले होते.

"तात्या, त्या दिवशी दुकानात मी तुमाला..."

"थांब. आधी श्वास घिऊ दे."

पोटभर श्वास घेतला. मग कापलेली कड त्यांनी बोटानं चाचपली, उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली.

"आख्ख्या सदऱ्यात हीच एक रेघ सरळ आलीया, बघ."