सोळाचा ब्रेकर

मारतहळ्ळीच्या आमच्या इमारतीत विजेचं काही बिघडलं की सगळे एकाच वायरमनला बोलावतात. बेळगावकडचे आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पहिला प्रश्न ठरलेला, "ह्याच्यावर काय काय चालवतासा?" यादी पुरी ऐकल्याशिवाय टेस्टर खिशातून निघत नाही.

माझ्याकडे ओव्हन आणि इंडक्शन एकदम लावलं की सोळा अँपिअरचा ब्रेकर पडायचा आणि वीज जायची. मी शहाणपणा करून बत्तीसचा विकत आणला आणि म्हटलं, "एवढा बदला, झालं."

अण्णांनी मेन बंद करून सॉकेट उघडलं. आतल्या बारीक वायरचं प्लास्टिक करपून तपकिरी झालं होतं.

"सोळाचा पडतोय म्हणून वाचलासा. बत्तीसचा पडणार न्हाई, आधी वायर पेटंल. मी बसवणार न्हाई."

"मग मी दुसरा माणूस बोलावते," मी चिडून म्हटलं.

"बोलवा की," म्हणाले, पण पिशवी खांद्याला लावून दारातच उभे राहिले. माझा बत्तीसचा ब्रेकर त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. तो काही सोडेनात.

शेवटी मीच नमले. त्यांनी ओव्हनला आणि इंडक्शनला दोन वेगळ्या जाड वायरी ओढल्या. दोन्हींना ब्रेकर मात्र सोळाचेच.

मग अर्धा तास दोन्ही एकदम चालवलं. एकही ब्रेकर पडला नाही. अण्णांनी सॉकेटवर उलटा हात ठेवला, मग मलाही ठेवायला लावला. गार होतं! कुस्ती मारून आलेल्या पैलवानासारखे हात झटकत त्यांनी विचारलं, "मग अक्का, दुसरा माणूस कधी येतोय?"