बुधवारचा नवस आणि चर्चमधला कॉम्प्युटर

नवस मी आजवर बरेच बोलले आणि सगळे फेडले. वालावलच्या लक्ष्मीनारायणाला पाच नारळ, गावच्या देवीला खणाची ओटी, सोळा सोमवार. पण एकाच नवसापायी इतके किस्से जमतील असं कधी वाटलं नव्हतं. सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो, आणि ऐकणारीचा चहा गार होतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावेत.

तर झालं असं. माझी सुलू, वय वर्षे नऊ, टायफॉईडने पडली. बरा झाला म्हणेपर्यंत उलटला. पोर भिंतीला धरूनसुद्धा उभी राहीना. शेजारची रोझीन मला म्हणाली, "गो वयनी, तुझे देव आसतच. पण आमच्या सायबिणीकय एकदा सांगून बघ."

सायबीण म्हणजे त्यांची मरियामाता. आमच्या खाडीकाठच्या चर्चमध्ये बुधवारी तिची प्रार्थना असते. मी गेले, मेणबत्ती लावली आणि बोलले, "माझी पोर चालत शाळेत गेली, तर वर्षभर दर बुधवारी इथे येईन आणि सांगतील ते काम करीन." रोझीनने तिकडे सुलूचं नाव आजाऱ्यांच्या यादीत घातलं. ही यादी रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचतात आणि सगळे त्या नावांसाठी प्रार्थना करतात.

महिन्याभरात सुलू दप्तर घेऊन शाळेत. औषध डॉक्टरांचं, नवस माझा. दोन्ही लागू पडले, कुठलं किती ते मी विचारत बसले नाही.

* * *

पहिल्या बुधवारी मी पदर खोचून, घरचा हिराचा झाडू घेऊन गेले. मनात धरलं होतं की झाडलोट सांगतील, फार तर फुलदाण्या घासायला देतील.

फादर वसईचे, अगदी शुद्ध बोलणारे. म्हणाले, "ताई, तुम्ही मॅट्रिक आहात ना? इंग्रजी अक्षरं येतात?"

"येतात."

"मग तो झाडू बाहेर ठेवा आणि चपला काढून आत या."

आत टेबलावर कॉम्प्युटर. मुंबईत मोठा झालेल्या इथल्याच एका माणसाने आपल्या ऑफिसातला जुना पाठवला होता. फादरांच्या पुतण्याने दोन दिवस येऊन तो मांडला, एक प्रोग्राम करून दिला आणि मुंबईला परत गेला. बाप्तिस्म्यांची रजिस्टरं, लग्नं, पत्रं, आजाऱ्यांची यादी, सगळं त्यात चढवायचं, म्हणजे ऑफिसचं काम निम्मं होणार.

ते काम आजवर करत होते इनासकाका, चर्चचे जुने कारकून. ते कोपऱ्यात बसून माझ्याकडे आणि यंत्राकडे आळीपाळीने बघत होते. पुढे आमचं ठरलं: काका रजिस्टर वाचणार, मी एका बोटाने टाईप करणार. ते यंत्राला हात लावणार नाहीत, हेही त्यांनीच ठरवलं.

घरी आमचे मास्तर, म्हणजे सुलूचे वडील, म्हणाले, "नवस बोलताना काम काय ता आधी विचारूचा असता." बोलून चुकले होते, आता काय.

* * *

नवी वस्तू म्हणून फादरांनी रीतसर आशीर्वाद दिला. प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं. काका कानात म्हणाले, "फादर, मागच्या बाजूकय जरा." फादरांनी मागच्या बाजूलाही शिंपडलं. बाजूला भोकं होती, तिथेही थोडं गेलं.

मग बटण दाबलं तर यंत्र मुकं. चार दिवस मुकं. मला आपली धास्ती. माझ्यासारखी परकी बाई आत आलेली सायबिणीला चालली नाही की काय? फादरांनी पुतण्याला पत्र लिहिलं. तोवर यंत्र आपोआप वाळून सुरूही झालं.

पुतण्याचं उत्तर आठवड्याने आलं. "काका, पुढच्या वेळी आशीर्वाद कोरडा द्यावा."

* * *

आमच्याकडे अंतोन फर्नांडिस नावाची अकरा माणसं आहेत. म्हणून कुणी कुणाला तसं म्हणत नाही. माडावयलो अंतोन, खाडयेकडलो अंतोन, पेटीवालो अंतोन, अशी घराची, धंद्याची ओळख लावून बोलतात. काकांच्या वहीत तसंच लिहिलेलं. यंत्रात मात्र नावाला एक चौकोन, आडनावाला एक चौकोन. माडाला चौकोनच नव्हता.

सणाच्या तयारीच्या बैठकीला यंत्राने अकरा पत्रं छापली. कुणाचं कुठलं ते पोस्टमनला कळेना, त्याने हाताला येईल तसं वाटलं. बैठकीच्या आधी अकराही अंतोन ऑफिसच्या पडवीत बसून पत्त्यांसारखी पत्रं बदलत होते. पेटीवाल्याला मेणबत्त्या आणायला सांगितलं होतं, आणि जन्मात एक सूर न लावलेल्या खाडयेकडल्याला पेटी वाजवायला.

मी काकांना म्हटलं, "यंत्राने काम कमी होणार होतं ना?"

"झाला मा," काका म्हणाले. "आधी मी एकटो अकरा घरा फिरा होतंय. आता अकराय घरा माझ्याकडे येतत."

* * *

मयतांचं रजिस्टर आम्ही शेवटाला ठेवलं होतं. कोण आहे ते आधी चढवू, कोण नाही ते मग. यंत्राला हे कुणी सांगितलं नाही. ईस्टरच्या आधी त्याने घरोघरची पत्रं छापली, त्यात एक रोझीनच्या नवऱ्याला. तो बिचारा रेडीला बोटीवर कामाला असायचा, जाऊन सहा वर्षं झाली. पत्रात लिहिलेलं, "आपण बरेच दिवसांत चर्चमध्ये दिसला नाहीत."

रोझीन पत्र घेऊन आली. मी शरमेने खाली मान घातली. फादर उभे राहिले.

ती म्हणाली, "फादर, तो आसा थंयच, मागल्या दाराक, तिसऱ्या रांगेत. तुमका दिसना नाय होय?" मागच्या दाराला त्यांची दफनभूमी आहे.

फादर माफी मागायला लागले आणि पत्र परत घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही. घडी घालून चोळीत ठेवलं. "ऱ्हवांदे माकाच. सहा वर्सांनी तेच्या नावान कागद इलो."

मयतांचं रजिस्टर आम्ही दुसऱ्याच बुधवारी चढवायला घेतलं. मला मात्र आजही कळत नाही, आमच्या हातून चूक झाली की काय झालं ते.

* * *

आमच्याकडे करंट कधी जाईल त्याचा नेम नाही. कितीतरी बुधवार मी नुसती बसून घरी आले. नवसातले बुधवार मोजायला मी एक काचेची बरणी ठेवली होती. दर बुधवारी एक काजूची बी टाकायची, बावन्न झाल्या की नवस फिटला. पण करंट नसलेल्या बुधवारची बी टाकायची की नाही?

फादरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, हे मला सेमिनरीत शिकवलेलं नाही."

मास्तर म्हणाले, "अर्धी टाक."

काकांनी रजिस्टर मिटलं. "टाक गो वयनी. देवाक करंट लागणा नाय."

मी बी टाकली. तरी ती वेगळी दिसावी म्हणून आधी चुलीत जराशी भाजून घेतली.

* * *

पुतण्याने दोन फ्लॉप्या दिल्या होत्या, काळ्या, चौकोनी, पापडासारख्या. एकीत सगळी नावं, दुसरी कोरी. "ओल लागू देऊ नका," असं बजावून गेला होता. खाडीकाठच्या ऑफिसात ओल नाही अशी जागा कुठली असणार? पोथीसुद्धा सर्दावते. मी कोरी फ्लॉपी घरी आणली, पिशवीत गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. हिंगाची डबीसुद्धा मी तिथेच ठेवते.

एकदा मी माहेरी गेले असताना मास्तरांनी भात लावायला तांदूळ काढले आणि ती वर आली. मी परतल्यावर विचारतात, "ह्या काय? ह्येचोय नवस आसा?"

* * *

आता आजाऱ्यांच्या यादीचं सांगते. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती.

सुलू बरी झाली, शाळेत लंगडी घालायला लागली, तरी तिचं नाव यादीत तसंच. दर बुधवारी यंत्र यादी छापायचं, रविवारी ती वाचली जायची. रोझीन कौतुकाने येऊन सांगायची, "आजय तुझ्या चेडवाचा नाव घेतला हां." मी उठून सुलूच्या कपाळाला हात लावून बघायची. बऱ्या पोरीला दर आठवड्याला शंभर माणसांत आजारी म्हणायचं, देवाला ते खरं वाटलं म्हणजे?

फादरांना म्हटलं, वाचताना तेवढं गाळा. ते म्हणाले, "छापलेलं नाव प्रार्थनेत गाळू? ते मला जमणार नाही, ताई. यंत्रातूनच काढा."

पुतण्याने पत्राने कळवलं होतं, डिलीट करा. मी सुलूच्या नावावर जाऊन ते बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, "आर यू शुअर?" हो असेल तर वाय, नाही तर एन.

मी काकांना मराठीत सांगितलं. "विचारतंय, सुलूला पुसून टाकू ना? खात्री आहे का?"

काकांनी कपाळावर, छातीवर क्रूस काढला. "असा विचारता? एन दाब, एन दाब."

दाबलं. दुसऱ्या बुधवारी पुन्हा तेच. तापातून उठलेल्या आपल्या लेकीला पुसून टाका म्हणून कुठली आई बटण दाबील? आणि खात्री कशाची द्यायची? उद्या ताप येणार नाही याची? फादरांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून प्रश्न वाचला, बोट पुढे नेलं आणि तेही थांबले.

"काका, यंत्राच्या आधी तुम्ही वहीत काय करत होता?" मी विचारलं. "बरं झालेल्याच्या नावावर काट मारायचात?"

"काट? जित्या माणसाक?" काका रागावले. "महिनो संपलो की मी पान परतंय. जो अजून आजारी तेचा नाव नव्या पानार. जो बरो झालो, तो जुन्या पानार सुखान ऱ्हवता."

यंत्राला पान नव्हतं. आम्ही एन दाबत राहिलो. यादी वाढत वाढत दोन कागद झाली. त्यात निम्मी माणसं ठणठणीत होऊन तारकर्लीला रापणीचं जाळं ओढत होती.

* * *

परवा मंगळवारी संध्याकाळी काका आमच्या दारात. दम लागला होता, पायरीवर जरा बसले. म्हणाले, "वयनी, ती तांदळातली माका व्हयी."

"कोरी फ्लॉपी? कशाला?"

"दी तर खरी."

मी दिली. माझ्या बरणीत तोवर एक्कावन्न बिया होत्या. शेवटचा बुधवार उद्यावर आला होता आणि सुलूचं नाव यादीत. नवस फिटणार, पण फिटून काय? रात्रभर तिच्या उशाशी बसले.

बुधवारी गेले तर यंत्र चालू होतं आणि समोर काका. ज्यांनी वर्षभर हात लावला नाही, ते एका बोटाने अक्षरं शोधत होते. टेबलावर त्यांची आजाऱ्यांची जुनी वही, शेजारी तांदळाचे दोन दाणे.

"नवा पान घेतलंय," ते मागे न बघता म्हणाले. "कोणाक पुसूक नाय. सगळे जुन्या फ्लॉपीर सुखान आसत. बघ, छापून."

मी छापलं. सगळी मिळून नऊ नावं. मी तिथेच उभ्याने वरून खाली वाचली, खालून वर वाचली. सुलू नव्हती. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा शेवटचं नाव नीट पाहिलं. अक्षरं वाकडीतिकडी नव्हती, यंत्राची अक्षरं कधी वाकडी येत नाहीत. आय, एन, ए, एस. इनास.

"काका, हे?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"ह्या घालताना खात्री काय म्हणान विचारूक नाय तेणा," ते म्हणाले. "सुलू जेवली काय गो आज?"

"जेवली. दोनदा भात घेतला."

"बरा झाला," म्हणाले, आणि खिडकी लावायला उठले.

घरी आल्यावर बरणीत बावन्नावी बी टाकली, नमस्कार केला. मग बरणी सुपात उपडी केली, पुसली, आणि मोकळ्या बरणीत नव्या नवसाची एक बी टाकली.

तुमच्याही घरी एखादी मोकळी बरणी असेलच. काजूची बी नसली तर चिंचोका चालेल. येत्या बुधवारी एक टाका. नाव मी वर सांगितलंच आहे.